सुवर्णपदक, बाहुली आणि समीक्षकांचा कौल

आजचा धागा थोडा लांब आहे. दर डिसेंबरला वर्षातील सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्या झळकू लागतात, मग पुरस्कारांचा हंगाम सुरू होतो, आणि 'समीक्षकांना आवडते ते लोकांना आवडत नाही' हे वाक्य पुन्हा एकदा फिरू लागते. हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, ते पाहू. सुरुवात १९५४ पासून करावी लागेल, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावापासून.

दापोली तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव. २४ डिसेंबर १८९९ रोजी ते तेथे जन्मले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले आणि १९३५ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. पुस्तकातील गाव, नदी, घर, कर्ज, जप्ती हे सारे पालगडच्या मातीतले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाला, वसंत देसाईंनी संगीत दिले, आणि प्रबोधनकार ठाकरे यांनीही त्यात भूमिका केली. साने गुरुजी मात्र तोवर या जगात नव्हते. ११ जून १९५० रोजी त्यांनी निरोप घेतला होता.

स्वतंत्र भारताच्या सरकारने चित्रपटांना पुरस्कार देण्याचे ठरवले, तेव्हा विचारात घेतलेले पहिले वर्ष होते १९५३. त्या पहिल्या वर्षाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळाले. देशातील पहिला 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' मराठी होता, आणि त्याची कथा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील होती, हे बहुतेकांना प्रश्नमंजूषेपुरते ठाऊक असते. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला सरकारने गुणवत्ता प्रमाणपत्र दिले, हे मात्र प्रश्नमंजूषेत विचारले जात नाही. ते लक्षात ठेवा.

कारण १९५४ मध्येच, सरकारी समारंभाच्या काही महिने आधी, २१ मार्च रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात आणखी एक पुरस्कार जन्माला आला होता. 'फिल्मफेअर' हे नियतकालिक १९५२ साली सुरू झाले होते. त्याने आपल्या वाचकांकडून मते मागवली. वीस हजारांहून अधिक वाचकांनी कौल दिला. पुरस्कार फक्त पाच. दिलीपकुमार यांना 'दाग'साठी, मीनाकुमारी यांना 'बैजू बावरा'साठी, नौशाद यांना त्याच चित्रपटाच्या संगीतासाठी, बिमल रॉय यांना दिग्दर्शनासाठी. आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट? 'दो बिघा जमीन'.

येथे थांबून जरा विचार करा. जमीन गहाण पडलेला शेतकरी कलकत्त्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढतो, अशा उदास वास्तववादी चित्रपटाला सरकारी मंडळाने दुसऱ्या पायरीवर ठेवले, आणि लोकमताने पहिल्या. त्याच चित्रपटाला त्याच वर्षी कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. म्हणजे 'लोकांना नाचगाणे हवे, जाणकारांना वास्तव हवे' ही विभागणी पहिल्याच वर्षी खोटी ठरली होती. ('श्यामची आई' फिल्मफेअरच्या स्पर्धेत नव्हताच; ते पुरस्कार हिंदी चित्रपटांपुरते होते. दोन निकालांची तुलना करताना ही अडचण पुढेही पदोपदी येईल.)

त्याहून गमतीची गोष्ट नावाची आहे. लोकप्रियतेचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या या पुरस्काराचे मूळ नाव होते 'द क्लेअर्स'. क्लेअर मेंडोन्सा या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या चित्रपट-समीक्षक. त्यांच्या स्मरणार्थ हे नाव दिले गेले. आपल्या सर्वांत झगमगत्या पुरस्काराच्या मुळाशी एका समीक्षक स्त्रीचे नाव आहे, आणि आज ते जवळपास कोणालाही आठवत नाही. ती प्रसिद्ध बाहुली घडवणारे शिल्पकार ना. ग. पानसरे हेही मराठीच. समारंभाला हॉलिवूडचे ग्रेगरी पेक प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते. कोलंबोहून येणारे विमान रखडले आणि ते नंतरच्या मेजवानीलाच पोहोचले. तारांकित पाहुण्यांची वाट पाहण्याची परंपरा अशी पहिल्या दिवसापासूनची आहे!

मग समीक्षकांचे स्वतःचे, स्वतंत्र पुरस्कार कधीपासूनचे? त्यासाठी वीस वर्षे मागे जाऊ.

अमेरिकेत ऑस्करचा पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी झाला. ते देणारी अकादमी स्टुडिओंच्याच पुढाकाराने उभी राहिली होती. बनवणारेही तेच, निवडणारेही तेच. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतील समीक्षकांना हे खुपत होते. १९३५ मध्ये त्यांनी आपले मंडळ स्थापन केले आणि वर्षाअखेरीस, ऑस्करच्या आधी, आपला कौल जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी त्यांनी जॉन फोर्ड यांचा 'द इन्फॉर्मर' निवडला. ऑस्करने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'म्यूटिनी ऑन द बाउंटी' या भव्य जहाजपटाला दिला. १९४१ मध्ये समीक्षकांनी 'सिटिझन केन'ला पहिला क्रमांक दिला. ऑस्करमध्ये त्याला नऊ नामांकने आणि केवळ एक पुरस्कार मिळाला, तोही पटकथेसाठी. सर्वोत्कृष्ट ठरला 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली'. वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांना 'केन'मध्ये आपलेच व्यंगचित्र दिसले होते आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी चित्रपटाची कोंडी केली होती. अशा वेळी इतर वृत्तपत्रांतील समीक्षकांनी एकत्र येऊन मत नोंदवणे याला वेगळे मोल होते. 'वर्षाअखेर' या वेळेचे मर्मही येथे उलगडते. मोठ्या पुरस्काराआधी बोललात, तर त्याच्यावर थोडा दाब आणता येतो. नंतर बोललात, तर ती केवळ तक्रार ठरते.

भारतातही फार उशीर झाला नव्हता. कलकत्त्यात १९३७ साली बेंगॉल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली. समीक्षक-पत्रकारांची ही देशातील सर्वांत जुनी संघटना मानली जाते. मुंबईत मात्र संघटनेपेक्षा व्यक्तीचा दरारा मोठा होता. ती व्यक्ती म्हणजे बाबूराव पटेल. आजच्या पालघर जिल्ह्यातील मासवण येथील हा माणूस. १९३५ साली त्याने 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढले, आणि पुढील दोन दशके त्यातील परीक्षणांची निर्मात्यांना धास्ती वाटत राहिली. मंडळ नाही, मतदान नाही, पदक नाही. एका माणसाची लेखणी हाच निकाल. अर्थात या निकालाला अपीलही नव्हते. बाबूराव स्वतः चित्रपटही काढत. १९४४ चा 'द्रौपदी' त्यांनीच दिग्दर्शित केला आणि त्यात सुशीलाराणी यांना नायिका केले. न्यायाधीशच दाव्यातील पक्षकार असावा, अशी ही परिस्थिती. त्यांचे इंग्रजी आजही वाचनीय आहे, पण निःपक्षपातीपणाचा नमुना म्हणून त्यांच्याकडे पाहता येणार नाही.

आता या धाग्याच्या गाभ्याकडे येऊ: १९५७ हे वर्ष.

त्याआधी एक पूर्वपीठिका. व्ही. शांताराम यांचा रंगीत नृत्यपट 'झनक झनक पायल बाजे' १९५५ चा. फिल्मफेअरने त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले आणि शांताराम यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक. सरकारने त्याला हिंदीतील सर्वोत्कृष्ट म्हटले, पण सुवर्णपदक दिले सत्यजित राय नावाच्या नवख्या दिग्दर्शकाच्या 'पथेर पांचाली'ला. त्यानंतर शांताराम यांनी रंग बाजूला ठेवून कृष्णधवल 'दो आँखें बारह हाथ' केला. कथा ग. दि. माडगूळकरांची, तिच्यामागे औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे झालेला खुल्या तुरुंगाचा प्रयोग होता. सहा खुनी कैदी, एक जेलर, एक शेत. १९५७ चे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. पुढच्या वर्षी बर्लिनला रौप्य अस्वलही मिळाले.

फिल्मफेअरने त्याच वर्षासाठी निवडला 'मदर इंडिया'. मेहबूब खान सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, नर्गिस सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. सरकारकडून त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. या निवडीला नावे ठेवण्याचे कारण नाही. 'मदर इंडिया' आजही गावोगावच्या लोकांना माहीत आहे.

पण १९५७ मध्ये तिसराही एक चित्रपट प्रदर्शित झाला होता: गुरु दत्त यांचा 'प्यासा'. त्याला ना सुवर्णपदक मिळाले, ना सर्वोत्कृष्ट चित्रपटाची बाहुली. तिकीटखिडकीवर तो चालला, गाणी घरोघर पोहोचली, आणि पुरस्कारांच्या दप्तरात मात्र त्याची जागा रिकामीच राहिली. दोन वर्षांनी 'कागज के फूल' आला आणि पडला. फिल्मफेअरने त्याच्या छायालेखनासाठी व्ही. के. मूर्ती यांना आणि कलादिग्दर्शनासाठी एम. आर. आचरेकर यांना गौरवले. शरीराचे कौतुक झाले, जिवाची दखल राहिली, असेच म्हणावे लागेल.

गुरु दत्त यांना आज जे स्थान आहे, ते त्यांना पुरस्कारांनी दिलेले नाही. ते पुढील पिढ्यांनी, चित्रपट-मंडळांच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहून, लिहून, भांडून मिळवून दिले. आणि त्यात एका मराठी पुस्तकाचा मोठा वाटा आहे. अरुण खोपकर यांचे 'गुरु दत्त : तीन अंकी शोकांतिका'. 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' हे तीन चित्रपट त्यांनी चौकट, प्रकाश, छाया, गाण्याची जागा अशा अंगांनी वाचले. १९८५ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सिनेमावरील सर्वोत्कृष्ट पुस्तकाचे सुवर्णकमळ या पुस्तकाला मिळाले. पुढे शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. ज्या सरकारी व्यवस्थेने चित्रपटाला सुवर्णपदक दिले नाही, तिनेच अठ्ठावीस वर्षांनी त्या चित्रपटाच्या समीक्षेला सुवर्णकमळ दिले! २००५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या शंभर सर्वकालीन चित्रपटांच्या यादीत 'प्यासा' होता.

हे काम एकट्या लेखकाने होत नसते. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. 'वास्तव रूपवाणी'सारख्या नियतकालिकाने मराठीत सिनेमावर गंभीर लिहिण्याची जागा राखली. पुण्यात प्रभात स्टुडिओच्याच आवारात चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली होती (१९६०) आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. जुना चित्रपट पुन्हा पाहता आला, तरच जुना निकाल बदलता येतो. संग्रहालय नसेल, तर पहिल्या वर्षाचे पदक हेच अखेरचे मत.

स्वतः फिल्मफेअरलाही लोकमत अपुरे वाटू लागले, हा पुढचा टप्पा. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तेथे समीक्षकांचा स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. १९७१ मध्ये तो मणी कौल यांच्या 'उसकी रोटी'ला मिळाला. लोकप्रिय विभागात त्याच वर्षी 'खिलौना' सर्वोत्कृष्ट ठरला होता. दोन चित्रपट एकाच देशातले आहेत, यावर विश्वास बसू नये इतके अंतर. 'उसकी रोटी' फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशावर झालेला. बसचालक नवऱ्याची शिदोरी घेऊन रस्त्यावर वाट पाहणारी बाई, आणि जवळजवळ काहीच न घडणारी कथा. व्यावसायिक वितरणात त्याला स्थान मिळणे अवघडच होते. अशा चित्रपटाला वर्षाअखेरची नोंद म्हणजे काय असते? पुढच्या चित्रपटासाठी पैसे मागताना दाखवायला एक कागद.

या व्यवस्थेतून एक दुष्परिणामही झाला, असे मला वाटते. समीक्षकांचा पुरस्कार वेगळ्या कप्प्यात गेला की मुख्य पुरस्काराला जबाबदारीतून सुटका मिळते. 'चांगला' चित्रपट तिकडे, 'मोठा' चित्रपट इकडे. मात्र भिंत बांधल्यानंतरही काही चित्रपट ती ओलांडत राहिले. १९७५ मध्ये 'रजनीगंधा'ला लोकप्रिय आणि समीक्षक, दोन्ही पुरस्कार मिळाले. १९७८ मध्ये फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला श्याम बेनेगल यांचा 'भूमिका'. तो हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्मफेअरने मात्र अभिनेत्रीचा पुरस्कार 'स्वामी'साठी शबाना आझमी यांना दिला. चित्रपट तोच, दोन मंडळे, आणि एकाला चित्रपट दिसला तर दुसऱ्याला त्यातील नटी. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की पूर्ण चित्र उमटते.

आता मराठीकडे परत. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीला पुन्हा मिळायला २००४ उजाडावे लागले. संदीप सावंत यांचा 'श्वास': कोकणातील खेड्यातून नातवाला डोळ्यांच्या उपचारासाठी शहरात घेऊन आलेला आजोबा. अरुण नलावडे आजोबा, अश्विन चितळे नातू. फिल्मफेअरचा त्या वर्षीचा चित्रपट होता 'कोई... मिल गया'. 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला गेला, आणि तेव्हा महाराष्ट्राला एक गोष्ट नव्याने कळली: पुरस्कारासाठी नुसते नाव पाठवून भागत नाही, तेथे चित्रपट दाखवायला, जाहिरात करायला पैसा लागतो. त्यासाठी लोकवर्गणी झाली. पुरस्काराच्या अर्थकारणाचा इतका उघड धडा मराठी प्रेक्षकाला क्वचितच मिळाला असेल.

त्यानंतर 'देऊळ' (२०११, 'ब्यारी'सह विभागून), चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'कासव' (२०१६). 'कासव'ही कोकण किनाऱ्यावरचा. समुद्रकासवांच्या अंड्यांची राखण आणि नैराश्यातून सावरणारा एक तरुण. (मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून कासवांच्या संवर्धनाचे काम उभे राहिले, हे या धाग्याच्या रत्नागिरीकर वाचकांना सांगायला नकोच.) पाच मराठी सुवर्णपदकांपैकी तीन कोकणाशी बांधलेली आहेत. पण 'कासव'ला सुवर्णकमळानंतरही पडदे मोजकेच मिळाले. पदकाने चित्रपटगृह मिळत नाही.

'कोर्ट'चा प्रवास उलट दिशेचा. २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार, मग राष्ट्रीय मान, मग घरचे प्रेक्षक. २०२० मध्ये ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला, आणि १९३० साली स्थापन झालेल्या फिप्रेस्की या समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचाही. भारतातही २०१८ मध्ये फिल्म क्रिटिक्स गिल्ड स्थापन झाले आणि २०१९ पासून हिंदीबरोबर मराठीसह इतर भाषांतील चित्रपटांना समीक्षकांचे वार्षिक पुरस्कार मिळू लागले. भाषेनुसार स्वतंत्र विचार, हे यातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ते का, हे एका यादीवरून कळेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये फिप्रेस्कीच्या भारतीय शाखेने सदस्यांच्या मतदानातून सर्वकालीन दहा भारतीय चित्रपट जाहीर केले. पहिला 'पथेर पांचाली'. मग 'मेघे ढाका तारा', 'भुवन शोम', 'एलिप्पथायम', 'घटश्राद्ध', 'गर्म हवा', 'चारुलता', 'अंकुर', 'प्यासा' आणि 'शोले'. १९५७ चा न्याय येथे पुरा झाला: सुवर्णपदकवाला 'दो आँखें' नाही, बाहुलीवाला 'मदर इंडिया' नाही, 'प्यासा' आहे. 'शोले'सारखा सर्वांत लोकप्रिय चित्रपटही समीक्षकांच्याच यादीत आहे. पण भाषा मोजा. हिंदी पाच, बंगाली तीन, मल्याळम एक, कन्नड एक. मराठी शून्य. ज्या भाषेने देशाला पहिला सुवर्णपदकविजेता दिला आणि गुरु दत्त वाचायला शिकवले, त्या भाषेतील एकही चित्रपट देशाच्या समीक्षकांना दहांत आठवला नाही.

याचा दोष केवळ मतदारांना देता येणार नाही. जो चित्रपट उपशीर्षकांसह, चांगल्या प्रतीत, इतर प्रांतांत दाखवला जात नाही, त्याला मत कोण देणार? बंगाली समीक्षकांनी आपल्या चित्रपटांसाठी जे दशकानुदशके केले, ते मराठीत तितक्या चिकाटीने झाले नाही.

उमेदवार नव्हता, असे मात्र म्हणू नका. १९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम'. विष्णुपंत पागनीस तुकाराम, गौरी जिजाऊ. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो सत्तावन्न आठवडे चालला, आणि १९३७ मध्ये व्हेनिस महोत्सवात त्याची खास प्रशंसा झाली. लोकांचा कौल आणि जाणकारांचा कौल एकाच चित्रपटाला, तोही फिल्मफेअर, सुवर्णपदक आणि फिप्रेस्कीची भारतीय शाखा यांपैकी काहीच अस्तित्वात नसताना. पुढच्या डिसेंबरात तुमची यादी लिहायला बसाल, त्याआधी तो एकदा पाहून घ्या.